माळा स्वस्त, शिडी महाग

गेल्या रविवारी भाचा आणि भाचेसून जेवायला आले होते. जेवण झाल्यावर पोरगा नेहमीसारखा लवंडायचं सोडून लॅपटॉप उघडून बसला. विचारलं तर म्हणाला, "मावशी, आठ वर्षांचे लॉग कुठे ठेवायचे ते ठरत नाहीये."

लॉग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आलं ते क्लार्कचं टेबल. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांच्या टेबलावर ते कायम असायचं, कव्हरला खाकी कागद घातलेलं. मी मराठी आणि इतिहास शिकवणारी, त्यामुळे लॉगॅरिदमशी माझा संबंध सरांना चहा देताना ते पुस्तक बाजूला सरकवण्यापुरता. भाचा हसला. मग त्याने समजावलं की कॉम्प्युटरवर जे जे होतं त्याची कॉम्प्युटर स्वतःच नोंद ठेवतो. कोण किती वाजता आत आलं, कुणी कुठली नोंद बदलली, कुठे काय बिघडलं. त्या नोंदींना लॉग म्हणतात. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला दोरी बांधलेला लाकडाचा ओंडका समुद्रात टाकत आणि किती दोरी सुटली ते वहीत लिहीत. ओंडका म्हणजे लॉग, म्हणून ती वही लॉगबुक. म्हणजे हे आपलं मस्टरच की! हजेरीपट, आवक-जावक रजिस्टर आणि शिपायाची डाकवही, सगळं एकत्र.

भाच्याची सात जणांची छोटी कंपनी आहे. भोसरी-चाकणकडच्या लहान कारखान्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर पुरवतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे असा नियम आहे, आणि हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपायची हा कंपनी कायदा. म्हणून ही आठ वर्षं. रोज साधारण २० गीगाबाइट लॉग तयार होतात. मजकूरच असल्यामुळे ते दाबून लहान करता येतात, दहातला एक भाग उरतो. म्हणजे रोजचे २, वर्षाचे ७३० आणि आठ वर्षांचे ५,८४० गीगाबाइट. एवढा हिशेब मला क्लार्कशिवाय जमला. :)

आता जागा. ही मंडळी 'क्लाउड' म्हणतात, पण ढगबिग काही नाही. कुणाच्या तरी मोठ्या इमारतीतली भाड्याची कपाटं आहेत. अ‍ॅमेझॉनची मुंबईत आहेत, हैदराबादलाही आहेत. कपाटांचे वर्ग असतात. हाताशी असलेलं कपाट महाग. मागच्या खोलीतलं त्याहून स्वस्त. तळघरातलं सगळ्यांत स्वस्त. भाच्याने तक्ता दाखवला. अ‍ॅमेझॉनचे अमेरिकेतले दर होते. मुंबईचे वेगळे आहेत, पण हिशेबाची रीत तीच. हाताशी असलेल्या कपाटाला एका गीगाबाइटला महिन्याला २.३ सेंट. तळघराला, म्हणजे २०१९ साली सुरू झालेल्या 'ग्लेशियर डीप आर्काइव्ह'ला, एका सेंटच्या दहाव्या भागाहूनही किंचित कमी. त्याच्या ५,८४० गीगाबाइटला पहिल्या कपाटात महिन्याला १३४ डॉलर, तळघरात ५.७८ डॉलर.

"मग यात ठरवायचं काय राहिलं?" असं भाचेसून म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. एकशे चौतीस कुठे आणि पावणेसहा कुठे.

मी मात्र उगीचच (म्हणजे सवयीने) विचारलं, "ते परत कसं काढायचं?"

इथे तो जरा घुटमळला. तळघरातला माल मागितला की लगेच मिळत नाही. बारा तासांपर्यंत थांबायचं. त्याहून स्वस्तात हवा असेल तर अठ्ठेचाळीस तासांपर्यंत. काढायचे वेगळे पैसे, आणि इमारतीच्या बाहेर न्यायचे आणखी वेगळे. आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला. स्वस्तातल्या रीतीने काढणावळ साधारण १५ डॉलर. पण बाहेर न्यायचं तर दर महिन्याला पहिले १०० गीगाबाइट फुकट, पुढे गीगाबाइटला ९ सेंट. सगळं एकदम घरी आणायचं म्हटलं तर ५१७ डॉलर. म्हणजे साडेसात वर्षांचं भाडं एका फेरीत!

आमच्या वाड्यात माळा होता. माळ्यावर काय टाकलं जायचं नाही ते विचारा. पण शिडी शेजारच्यांची होती आणि शेजारी गावाला गेले की दिवाळीचे कंदील माळ्यावरच राहायचे. तशातली गत. (कुणी म्हणेल बाहेर कशाला आणायचं, तिथेच भाड्याचं यंत्र घेऊन वाचा. बरोबर आहे. त्याच केंद्रात वाचलं तर ते ९ सेंट पडत नाहीत. आणि ती कंपनी कायमची सोडून जायचं असेल तर अर्ज केल्यावर हे पैसे माफ करायची सोय २०२४ पासून आहे. पण हे आधी माहीत असायला हवं ना!)

भाच्याने आणखी एक गंमत सांगितली, ती मला फार आवडली. आत ठेवायलाही पैसे पडतात, आणि ते वजनावर नाही, नगावर. तळघरात हजार नग ठेवायला ५ सेंट. ऐकायला काहीच नाही. पण यांची तीस यंत्रं दर मिनिटाला एक फाइल लिहितात. दिवसाच्या ४३,२०० फाइली, वर्षाच्या दीड कोटीहून जास्त. नुसत्या ठेवायला वर्षाला ७८८ डॉलर, आणि त्या वर्षाच्या मालाचं बारा महिन्यांचं भाडं नऊ डॉलरसुद्धा नाही! शिवाय प्रत्येक नगामागे ४० किलोबाइटची चिठ्ठी चिकटवतात, तिचंही भाडं. चिठ्ठीच जवळजवळ पत्राएवढी.

"गठ्ठे बांध की रे," मी म्हटलं. दर यंत्राचा दिवसाचा एक गठ्ठा केला तर वर्षाचे १०,९५० नग आणि खर्च ५५ सेंट. आमचे हे महसूल खात्यात होते. त्यांच्या कचेरीत सहा गठ्ठ्यांची पद्धत असते, कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात ते ठरलेलं. घरात वीजबिलं आणि रेशनकार्डसुद्धा ते तसेच लाल कापडात बांधून ठेवायचे. मी त्यांची थट्टा करायचे. असो.

खरं तर मला लिहायचंय ते यापुढचं. भाच्याचा भागीदार म्हणतो म्हणे की, "जागा एवढी स्वस्त आहे तर निवडत कशाला बसायचं? सगळंच ठेवू." हे वाक्य आजकाल सगळीकडे ऐकू येतं. फोनमधले चार हजार फोटो, ईमेलमधल्या जाहिराती, सगळं ठेवा, जागा स्वस्त आहे. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला मला माझी एक चूक सांगावी लागेल. घरातल्यांपैकी काहींना ती माहीत आहे, बाकीच्यांना नाही.

साल १९८६. मी एका लहान गावातल्या हायस्कूलमध्ये होते. कारकुनाची जागा रिकामी होती, म्हणून दप्तराचं काम माझ्याकडे आलं. दप्तर म्हणजे जिन्याखालची अंधारी जागा, दोन लाकडी कपाटं आणि वाळवी. तपासणी जवळ आली होती. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, जरा आवरून घ्या. मी मे महिन्याच्या सुट्टीत दोन मुली मदतीला घेऊन आवरायला बसले. जनरल रजिस्टर कायम ठेवायचं हे मला ठाऊक होतं, ते मी नीट पुसून वरच्या फळीवर ठेवलं. परिपत्रकांचे गठ्ठे होते, त्यांवर सरकारी शिक्के, त्यामुळे हात लावायची हिंमत झाली नाही. तेही ठेवले. उरली कर्मचाऱ्यांची जुनी मस्टरं. कव्हरं वाळवीने खाल्लेली, पानं पिवळी. दहा-बारा वर्षांपूर्वी कोण हजर होतं याचं आता कुणाला काय, असं मला वाटलं. रद्दीवाल्याने वजन करून एकशे चाळीस रुपये दिले. त्यात शाळेला भिंतीवरचं घड्याळ आलं.

१९९८ मध्ये आमच्या शाळेतले शिपाई निवृत्तीला आले. त्यांच्या सेवापुस्तकातली पहिली नोंद १९७९ ची. पण ते १९७३ पासून शाळेत होते, तात्पुरते म्हणून. घंटा तेच द्यायचे, विहिरीचं पाणी तेच भरायचे. ती सहा वर्षं धरून घ्या, असा त्यांनी अर्ज केला. कचेरीतून पुरावा मागितला. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, मस्टरात माझा अंगठा नाही, सही आहे. सही मी इथंच शिकलो. काढा ना ते मस्टर."

मी त्यांना कपाटाशी घेऊन गेले. मला ठाऊक होतं तिथे काय नाही ते. तरी गेले. परिपत्रकांचे गठ्ठे एकेक करून खाली काढले आणि परत वर ठेवले. त्या गठ्ठ्यांतला एकही कागद बारा वर्षांत कुणी मागितला नव्हता. मग मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. घड्याळाकडे बघून म्हणाले, "घंटेची वेळ झाली," आणि गेले.

मस्टर असतं तर ती वर्षं धरली गेलीच असती असं मी म्हणत नाही. तात्पुरत्या नोकरीचे नियम किचकट होते. पण भांडायला हातात कागद असता. तो मी एकशे चाळीस रुपयांना विकला होता.

घरी येऊन यांना सांगितलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "मला विचारायचंस." त्यांच्या कचेरीत कागदाला जन्मतःच वर्ग मिळतो. अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षं, क म्हणजे त्याहून कमी, ड म्हणजे एक वर्ष. कुठला कागद किती जगणार हे तो कपाटात जाण्याआधी ठरतं, वाळवी लागल्यावर नाही.

हे सगळं ऐकल्यावर भाचा म्हणाला, "म्हणजे मावशी, तूच म्हणतेस की काही टाकायचं नाही. सगळं ठेवलं असतंस तर शिपाईकाकांचं मस्टर सापडलं असतं."

पोरगा हुशार आहे. पण माझं म्हणणं उलटं आहे. सगळं ठेवलं होतं म्हणूनच ते गेलं. दोन कपाटं बिनकामाच्या कागदांनी भरली, जागा संपली, आणि ज्याच्यावर शिक्का नव्हता ते बाहेर पडलं. ढिगात सगळे कागद सारखेच दिसतात. आणि ढीग कमी करायची वेळ येते तेव्हा घाई असते. आणखी एक. मी ते एकटीने ठरवलं. ज्यांच्या सह्या त्यात होत्या त्यांना विचारलं नाही. शिपाई तेव्हा दारातच उभे होते, रद्दीची पोती त्यांनीच उचलून दिली.

मग आम्ही त्याच्या लॉगची वर्गवारी करायला बसलो. रोजच्या २० गीगाबाइटमध्ये काय काय आहे? तर बहुतेक सगळी यंत्राची स्वतःशीच बडबड. आत्ता उठलो, आत्ता बसलो, जोडणी झाली, जोडणी तुटली. बिघाड शोधायला ती कामाची, पण महिनाभर. तिला तळघरात पाठवणं तर शुद्ध वेडेपणा, कारण तिथे १८० दिवसांच्या आत काही काढून टाकलं तरी १८० दिवसांचं भाडं घेतातच. (गूगलचं असंच तळघर आहे. तिथे माल मागितल्याबरोबर मिळतो, पण किमान भाडं ३६५ दिवसांचं आणि काढणावळ गीगाबाइटला ५ सेंट. मायक्रोसॉफ्टच्या अझूरकडे १८० दिवस, आणि माल वर यायला पंधरा तासांपर्यंत. पाटी कुणाचीही असो, शिडीचे पैसे आहेतच.)

दुसरा ढीग म्हणजे कोण आलं, कोण गेलं. याला सरकारी नियम आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असे लॉग १८० दिवस जपायचे असतात. आणि कुणी घुसखोरी केली तर कळल्यापासून सहा तासांत कळवायचं. आता सहा तासांत कळवायचंय आणि कागद बारा तासांनी तळघरातून येणार, हे कसं चालेल? तेव्हा हे हाताशीच हवेत. विदा संरक्षणाचे जे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले त्यांत लॉग किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय, ती तरतूद लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणून भाच्याने आत्तापासूनच वर्ष धरलं. वर्षानंतर मात्र ते काढून टाकायचे, असं मी बजावलं. त्यात माणसांची नावं आहेत, फोन नंबर आहेत. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी आपल्या माळ्यावर आठ वर्षं कशाला? चोरी झाली की त्याच जाणार.

तिसरा ढीग म्हणजे हिशेबात कुणी काय बदललं. खरं मस्टर हेच. आणि तो किती निघाला? रोजचा १ गीगाबाइट. दाबून १०० मेगाबाइट. आठ वर्षांचे मिळून २९२ गीगाबाइट.

आता गंमत बघा. हे २९२ सगळ्यांत महागड्या, हाताशी असलेल्या कपाटात ठेवले तरी महिन्याला ६.७२ डॉलर. आणि न निवडता सगळं तळघरात कोंबलं तर ५.७८. एका डॉलरचाही फरक नाही! फक्त पहिल्यात मागाल तेव्हा मिळतं, आणि दुसऱ्यात बडबडीच्या ढिगाखालून उपसत बसायचं. मधलाही एक वर्ग आहे, लगेच मिळणारा, गीगाबाइटला ०.४ सेंटचा. त्यात हे काम १.१७ डॉलरात होतं. काढणावळ पडते, पण आठ वर्षांत हे चार-दोनदाच लागणार. भाच्याने तोच धरला. शिवाय दुसरी प्रत हैदराबादच्या तळघरात, मुंबईतली गेलीच तर असावी म्हणून. दुसऱ्या प्रतीसाठी तळघर मलाही मान्य आहे, तिची शिडी क्वचितच लागते. दोन्ही प्रतींवर मुदत संपेपर्यंत कुणी खोडू नये म्हणून कुलूप. या कुलपाचा कडक प्रकार लावला की मालकालासुद्धा मुदतीआधी उघडता येत नाही म्हणे. म्हणून मी म्हटलं, आधी वर्गवारी पक्की कर आणि मग कुलूप लाव, नाहीतर बडबड आठ वर्षं कुलपात बसेल.

तरी एक बजावून सांगितलं. तिसऱ्या ढिगात काय जातं आणि काय नाही, हे तुम्ही सात जणांनीच ठरवू नका. कारखान्यातल्या हिशेबनिसाला विचारा, त्यांच्या ऑडिटरला विचारा. उद्या ज्याच्यावर आळ येईल की ही नोंद तूच बदललीस, त्याला तो आळ पुसायला काय लागेल ते त्यालाच माहीत. भागीदाराला हे अजून पटलेलं नाही. 'विचारायला गेलो की लोक सगळंच ठेवा म्हणतात,' असं त्याचं म्हणणं. त्यातही तथ्य आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. पण विचारल्याशिवाय टाकलेलं मी बघितलं आहे.

किल्ल्या कुणाकडे, भाड्याचं बिल कुणाच्या कार्डावर, ते कार्ड संपलं की कोण बघणार, हेही विचारून झालं. भाचेसून म्हणाली, "मावशी, तुम्ही तपासणीला आलात का?" मी म्हटलं, अगं, तपासणीला आलेले साहेब निदान चहा पिऊन जायचे.

निघताना भाच्याकडून एक कबूल करून घेतलं की हैदराबादच्या तळघरातला एक गठ्ठा वर्षातून एकदा मुद्दाम मागवायचा. चालेल की नाही हे मागवल्याशिवाय कळत नाही. आग लागल्याची तालीम आम्ही शाळेत दरवर्षी घ्यायचो, तसं.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. आदल्या रात्री नऊ वाजता गठ्ठा मागवला, सकाळी आला. उघडला, वाचता आला. मार्चमधल्या एका दिवशी कुठल्याशा कारखान्यात दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी कुणी बिलाची तारीख बदलली ते नावानिशी मिळालं. स्वारी खुशीत होती.

मी विचारलं, "तू नसताना तुमच्यापैकी आणखी कुणाला काढता येईल?"

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सोमवारी दोघांना शिकवतो."